जुन्या वह्या आणि नदीचे पाणी

आपल्या संघाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारविषयक काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. बाजारभाव, आडतीचे नियम, करपद्धती यांवर माझ्यापेक्षा अधिकारवाणीने लिहू शकणारे अनेक सदस्य संघात आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात घालविलेला मनुष्य. म्हणून जो विषय माझ्या पेढीवरील फळीवर प्रत्यक्ष रचून ठेवलेला आहे, त्यावरच चार शब्द लिहावे असे ठरविले. तो विषय म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या जुन्या वह्या. त्यांतील येणेदेणे केव्हाच मिटले आहे. तथापि त्यांत नद्यांच्या पुरांचा व अवर्षणांचा जो हिशेब आहे तो मिटलेला नाही, आणि तो पाहिल्यावाचून आपण नव्या वखारी बांधीत आहोत, हे मला घातक वाटते.

आमचे घराणे मूळचे खानदेशातील. नर्मदेकाठी धार जिल्ह्यात, कुक्षी तालुक्यातील निसरपूर येथे येऊन ते स्थायिक झाले. निसरपूर हे उरी-बाघनी नदीच्या काठचे, नर्मदेपासून जवळ असलेले व्यापारी गाव. निमाडचा गहू, ज्वारी, मका, कापूस, मिरची यांचा माल आसपासच्या खेड्यांतून येथे येई, आणि डोंगरातील आदिवासी बांधव आठवड्याच्या बाजारास येथेच उतरत. सरदार सरोवराची दारे २०१७ च्या जून महिन्यात बंद करण्यात आली. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला, आणि जुने निसरपूर पाण्याखाली गेले. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यायालये झाली, आंदोलने झाली. त्या वादात मी शिरत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्यातील एका लहानशा भागाविषयी, ज्याची दखल कोणीही घेतली नाही.

गाव हलले तेव्हा प्रत्येक घराने काय न्यावे व काय सोडावे याची निवड केली. तिजोरी नेली, तराजू नेले, देव्हारा नेला, दारांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या. माडीवरील लाल कापडाच्या बासनांत बांधलेल्या वह्यांकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. काही रद्दीवाल्याने किलोच्या भावाने उचलल्या, काही उघड्यावर पावसात भिजून त्यांचा लगदा झाला, आणि काही तेथेच राहून गेल्या. हे करणारे निष्काळजी लोक नव्हते. पै-पैचा हिशेब ठेवणारी ही घरे. परंतु ज्या वहीतून वसुली होणार नाही ती वही निरुपयोगी, असे आपल्याला परंपरेनेच शिकविले गेले आहे.

आता त्या वह्यांत असते काय ते पाहू. व्यापाऱ्याच्या वहीत पुराचे वर्णन नसते. ‘नदीने रौद्र रूप धारण केले’ असे मुनीमजी लिहीत नसत. ते लिहीत: रात्री पोती माडीवर चढविली, हमाली अमुक. बारदान वाळविण्याची मजुरी अमुक. भिजका गहू अमुक भावाने गेला. नावेचे भाडे अमुक. मागची भिंत पडली, माती व मजुरी अमुक. अशा नोंदीत भावना नसते म्हणूनच तिचे मोल अधिक. वृद्ध मनुष्याच्या आठवणीत पाणी दरवर्षी एकेक वीत चढत जाते. वहीतील पाणी होते तेथेच राहते. शिवाय, ती नोंद कोणास घाबरविण्यासाठी अथवा सरकारकडून मदत मिळविण्यासाठी केलेली नसते. खर्च झाला म्हणून लिहिला, इतकेच.

माझ्या वडिलांच्या एका रोजमेळात अशी नोंद आहे की, पुरात थप्पीचे खालचे दोन थर भिजले व वरचा माल सुरक्षित राहिला. आमच्या जुन्या दुकानाचे जोते रस्त्यापासून तीन फूट उंच होते. आडव्या टाकलेल्या भरल्या पोत्याची जाडी पाऊण ते एक फूट धरली, तर पाणी रस्त्यापासून चार फुटांच्या वर व पाच फुटांच्या आत होते असा हिशेब सहज निघतो. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ताग पाणी वर ओढतो, त्यामुळे प्रत्यक्ष पाण्यापेक्षा ओल थोडी वर चढते. म्हणून अशा नोंदीवरून काढलेली उंची चार-सहा बोटे कमीच धरावी. हे कोणा अभियंत्यास सांगावे लागेल, परंतु आपल्या बाजारातील कोणताही हमाल हे जाणतो. अशा दहा-पंधरा पेढ्यांच्या वह्या एकत्र ठेवल्या, प्रत्येकीच्या जोत्याची उंची मांडली, तर एका बाजारपेठेतील शंभर-सव्वाशे वर्षांच्या पाण्याचा आलेख तयार होऊ शकतो. सरकारी दप्तरात नदीची पातळी असते, ती पुलाजवळच्या पट्टीवरची. पाणी पेठेतील कोणत्या गल्लीतून आत आले आणि कोठे थांबले, हे केवळ वही सांगू शकते.

वह्या वाचणे मात्र सोपे नाही. पहिली अडचण लिपीची. धार व देवास या पवारांच्या संस्थानांचा कारभार दीर्घकाळ मराठीतून व मोडीतून चालला. दक्षिणेकडून गेलेल्या पेढ्यांच्या वह्याही मोडीत आहेत. मारवाडातून आलेल्या बंधूंच्या वह्या महाजनी लिपीत, आणि तीत काना-मात्रा देण्याची काटकसर एवढी की, लिहिणाऱ्यासही दुसऱ्या दिवशी शब्द लागू नये. या दोन्ही लिप्या सफाईने वाचणारे लोक आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. दुसरी अडचण तिथीची, आणि ती अधिक फसवी आहे. आपण दक्षिणेकडील लोक महिना अमावास्येला संपवितो, माळव्यात व मारवाडात तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष तो त्यांचा आश्विन वदी. संवताचा आकडाही सर्वत्र एका दिवशी बदलत नाही. गुजराती पद्धतीने तो दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, उत्तरेकडे चैत्रात. १९७० च्या सप्टेंबरातील नर्मदेच्या महापुराचे उदाहरण घ्या. ऋषिपंचमीच्या आगेमागे आलेला हा पूर भडोचच्या व्यापाऱ्याच्या वहीत संवत २०२६ मध्ये सापडेल, तर उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे लिहिलेल्या वहीत तोच संवत २०२७ मध्ये. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या मनुष्याने दोन्ही वह्या चाळल्या, तर लागोपाठ दोन वर्षे दोन महापूर आले असा निष्कर्ष तो काढील.

१९७० च्या त्या पुराकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. ६ सप्टेंबर १९७० रोजी गरुडेश्वर येथे नर्मदेचा प्रवाह सेकंदास सुमारे ६९,००० घनमीटर, म्हणजे क्युसेकच्या भाषेत चोवीस लाखांहून अधिक मोजला गेला. नर्मदेवर मोजल्या गेलेल्या पुरांत तो अग्रगण्य मानला जातो. त्या वेळी नदीवर आजची मोठी धरणे नव्हती. पुढे नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा अंतिम निवाडा १९७९ मध्ये झाला, जलाशयाची पूर्ण पातळी ४५५ फूट ठरली, आणि मोठा पूर आला असता जलाशयाच्या मागे पाणी किती चढेल याचे गणित करून कोणती घरे संपादन करावयाची ते ठरविण्यात आले. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर हा त्या गणिताचा आधार. नंतरच्या काळात, वरच्या बाजूची धरणे पुराचा जोर कमी करतील असे धरून हे गणित पुन्हा मांडण्यात आले. पाण्याची रेषा खाली उतरली, आणि मध्य प्रदेशातील १५,९४६ कुटुंबे बाधितांच्या यादीतून वगळली गेली.

१६ व १७ सप्टेंबर २०२३ रोजी पश्चिम मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. इंदिरा सागर व ओंकारेश्वर या धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले. धार व बडवानी जिल्ह्यांत, ज्या घरांना पाणी लागणार नाही असे कागदावर ठरले होते, त्यांतील कित्येक घरांत पाणी शिरले. खाली सरदार सरोवरातून अठरा लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले, आणि भडोचच्या सुवर्णपुलाजवळ नदी चाळीस फुटांच्या पुढे गेली. तेथील धोक्याची पातळी चोवीस फूट आहे.

सुज्ञ वाचकांनी येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १९७० मध्ये चोवीस लाखांहून अधिक, आणि २०२३ मध्ये धरणातून सोडलेले अठरा लाखांच्या आसपास. म्हणजे २०२३ चे पाणी कोणी न पाहिलेले, न ऐकलेले असे नव्हते. याहून मोठे पाणी एका मनुष्याच्या हयातीतच या नदीने वाहून नेले होते, आणि त्याची नोंद सरकारदरबारीही होती. नोंद होती; पण धरणे झाल्यावर ती नोंद जुनी झाली, अशी समजूत करून घेतली गेली. दोष कोणाचा, याचा निवाडा करणारा मी कोणी नव्हे. परंतु जुन्या मोठ्या आकड्याला ‘आता तसे होणार नाही’ म्हणून खालच्या फळीवर टाकणे हा व्यवहार आमच्या धंद्यात दिवाळखोरीचा मानला जातो. एखाद्या आसामीने एकदा मोठी रक्कम बुडविली असेल, तर त्याने नवे दुकान थाटले म्हणून आपण जुने खाते फाडून टाकीत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही फार गैरसमज झालेला आहे. पुष्कळ लोकांस वाटते की एकदा असा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंती. तज्ज्ञांचा अर्थ असा नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याचा संभव शेकडा एक, एवढाच त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीचा संभव कमी होत नाही. आता हिशेब करा. एखाद्या जागी मुलाच्या नावाने वखार बांधली आणि ती पन्नास वर्षे चालली, तर त्या पन्नास वर्षांत निदान एकदा तरी तसा पूर येण्याचा संभव शेकडा एकोणचाळीसच्या वर जातो. तीस वर्षांतच तो शेकडा सव्वीस होतो. शेकडा सव्वीस बुडण्याची शक्यता असलेल्या मनुष्यास आपल्यापैकी कोण उधारी देईल?

शिवाय हा शेकडा एकचा पूर कोणता, हे ठरते मागील नोंदींवरून. आपल्याकडील बहुतेक नद्यांच्या सलग मोजणीच्या नोंदी पाऊणशे-शंभर वर्षांच्या आतबाहेरच्या आहेत. तेवढ्यावरून शंभर वर्षांचे भाकीत करणे म्हणजे आठ महिन्यांच्या भावावरून वर्षाची तेजी-मंदी सांगण्यासारखे आहे. सौराष्ट्रातील मोरबीचे उदाहरण आपल्या सर्वांस ठाऊक आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटले आणि ती भरभराटीची व्यापारी नगरी काही तासांत उद्ध्वस्त झाली. त्या धरणाचा सांडवा जेवढ्या पाण्यासाठी योजला होता, त्याच्या तिपटीच्या आसपास पाणी त्या दिवशी आले असे नंतरच्या गणितात दिसले. नदी काय करू शकते याचा अंदाजच मुळात तोकडा होता.

म्हणूनच शास्त्रज्ञ आता मोजणीच्या आधीचा काळ धुंडाळीत आहेत. पुणे विद्यापीठाचे भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी नर्मदेच्या व तापीच्या खडकाळ घळयांत फार मोलाचे काम केले आहे. महापुराचे पाणी घळीच्या आडोशाला क्षणभर संथ होते आणि तेथे गाळाचा एक पातळ थर ठेवून जाते. पुढचा महापूर त्यावर दुसरा थर ठेवतो. पुनासाजवळच्या घळीतील असे थर वाचून त्यांनी दीड हजार वर्षांहून अधिक मागे जाणारी पुरांची मालिका लावली. नदीनेही आपली रोजकीर्द लिहून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही. या वाचनातून असेही दिसले की अलीकडच्या दशकांतील काही पूर त्या दीर्घ मालिकेत मोठ्यांतच जमा होतात. गाळाचे थर शतकांचा हिशेब सांगतात, सरकारी पट्टी दशकांचा. या दोहोंमधील शंभर-दोनशे वर्षांची पोकळी, जेथे साल आणि तिथी दोन्ही मिळू शकतात, ती भरून काढण्याचे साधन आपल्या वह्यांत आहे.

हे काम किती लांबवर पोहोचू शकते, याचा एक दाखला इजिप्त देशातील आहे, आणि तो धान्याच्या व्यापाऱ्यास विशेष रुचेल असा आहे. कैरोजवळ रोडा बेटावर नाईल नदीची पातळी मोजण्याचा दगडी स्तंभ आहे. तेथील नोंदी इसवी सन ६२२ पासूनच्या उपलब्ध आहेत. नोंद ठेवण्याचे कारण शास्त्र नव्हते. पूर किती चढला त्यावर पीक, आणि पिकावर सारा ठरत असे. विसाव्या शतकात हॅरॉल्ड हर्स्ट नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने नाईलवर किती पाणी साठवावे हे ठरविण्यासाठी या सारावसुलीच्या नोंदी तपासल्या. १९५१ मध्ये त्याने दाखवून दिले की चांगली वर्षे व वाईट वर्षे फासे टाकल्याप्रमाणे विखुरलेली येत नाहीत. त्यांचे घोळके येतात. सुकाळाच्या मागे सुकाळ आणि दुष्काळाच्या मागे दुष्काळ लागून येण्याकडे कल असतो, म्हणून साठा साध्या गणिताहून अधिक लागतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी कराच्या लोभाने लिहिलेले आकडे धरणाच्या उंचीसाठी उपयोगी पडले.

आपल्याकडेही दुष्काळाच्या बाबतीत हेच घडले आहे. १८७६ ते १८७८ च्या दक्षिणेतील भीषण दुष्काळानंतर सरकारने आयोग नेमला, आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला, आणि मागील दुष्काळांत काय काय व कोणत्या क्रमाने घडले ते पाहून दुष्काळसंहिता तयार झाल्या. धान्याचा भाव अवेळी चढणे, लोक गाव सोडून भटकू लागणे, ही संकटाची आधीची चिन्हे म्हणून त्यांत मानली गेली. १८९९ च्या अवर्षणात, ज्यास माळव्यात व राजस्थानात संवत १९५६ वरून आजही छप्पन्या म्हणतात, त्या संहिता असूनही अपरिमित माणसे मेली, हेही खरे. पुस्तकात लिहिणे निराळे आणि वेळेवर पैसा सोडणे निराळे. परंतु कामाच्या मोबदल्यात धान्य व मजुरी देण्याची जी कल्पना तेथे रुजली, तीच १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर राबविली गेली आणि पुढे रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यात उतरली. या साऱ्यात धान्यबाजाराचा भाव हे पहिले लक्षण होते, आणि तो भाव लिहिणारे हात आपल्या लोकांचे होते. असो; दुष्काळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुन्हा पाण्याकडे वळू. नोंद ठेवा म्हणजे झाले, असेही नाही. नोंद चुकीच्या रीतीने वापरली तर ती घात करते. सांगलीच्या आपल्या बंधूंचा अनुभव ऐका. २००५ मध्ये कृष्णेस मोठा पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. त्या पाण्याची खूण पेठेतील प्रत्येकाच्या मनात पक्की बसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा अनेकांनी माल २००५ च्या खुणेच्या थोडा वर रचला आणि निर्धास्त राहिले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. हळद, गूळ, बेदाणा, कापड, सारे खुणेच्या वर असूनही पाण्यात गेले. कोल्हापुरात २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या पुढे होते, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ते त्याहूनही वर गेले; तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. एका पुराची खूण ही केवळ त्या पुराची खूण आहे. ती नदीची मर्यादा नव्हे. म्हणूनच एकाच्या वहीवर विसंबू नये, पुष्कळ वह्या पुष्कळ वर्षांच्या पाहिल्या पाहिजेत, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या पाण्याच्या वरही काही अंतर सोडले पाहिजे.

खूण दगडावर कोरून ती पाळल्याचे उत्तम उदाहरण जपानातील आहे. तेथे आनेयोशी नावाच्या लहान खेड्यात १८९६ व १९३३ या दोन्ही वर्षी समुद्राच्या लाटांनी वस्ती धुऊन नेली. त्यानंतर गावकऱ्यांनी टेकडीवर एक शिळा उभारली आणि तिच्या खाली घर बांधू नये असे तीवर लिहिले. त्यांनी ते पाळले. ११ मार्च २०११ च्या प्रचंड लाटेचे पाणी त्या शिळेच्या खालीच थांबले, आणि वरची घरे वाचली. त्या देशाच्या किनाऱ्यावर अशा शिळा शेकड्यांनी आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याही खाली वस्त्या झाल्या होत्या.

या विषयावर मी बाजारात बोलतो तेव्हा एक आक्षेप हटकून येतो, आणि तो आपल्याच लोकांचा असतो. ते म्हणतात: पाण्याची खूण भिंतीवर लावली तर जागेची किंमत उतरेल, बँक तारण घेताना प्रश्न विचारील, गिऱ्हाईक मिळणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळ्या व लाल पूररेषा आखण्याचे जे काम चालते, त्यास विरोध करणाऱ्यांत भूखंडवाले आहेत तसे व्यापारीही आहेत, हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु व्यापाऱ्याचा माल तोलून घेण्याचा हक्क आपण मानतो, तर जागा घेणाऱ्याचा तिचे पाणी जाणण्याचा हक्क नाकारणे कोणत्या न्यायाने बसते? भिजका गहू कोरडा म्हणून विकणाऱ्यास आपला संघ दंड करतो. पाण्याखाली जाणारी वखार कोरडी म्हणून विकणे यात मला काही वेगळे दिसत नाही. हे शब्द काही सदस्यांस कडू वाटतील याची मला जाणीव आहे.

विम्याचाही विचार या संदर्भात करावा. आगीच्या सर्वसाधारण विम्यात वादळ व पूर यांचा समावेश असतो, हे अनेकांस ठाऊक नसते; आणि ज्यांस ठाऊक असते ते हप्ता वाचविण्यासाठी मालाची किंमत कमी लिहितात. मग नुकसान झाले की सरासरीच्या कलमाने भरपाईही त्याच प्रमाणात कमी मिळते. पुरानंतर पाहणीस येणारा मनुष्य प्रथम साठ्याची वही मागतो, आणि ती नेमकी खालच्या फडताळात भिजलेली असते.

नव्या निसरपुरास, वर वसविलेल्या वसाहतीस, आता काही वर्षे झाली आहेत. दुकाने उघडली आहेत, आडती पुन्हा सुरू झाल्या आहेत. जुन्या गावात कोणता नाला किती पावसास तुंबतो, हे पोरासोरांस ठाऊक होते. नव्या जागेस असा कोणताही पूर्वेतिहास नाही. येथील पाणी कोणीकडून उतरते आणि कोठे थांबते हे जाणणारा वृद्ध येथे कोणी नाही, कारण आपण सर्वच येथे नवखे आहोत. अशा जागी पहिल्या दिवसापासून नोंद ठेवणे हे जुन्या जागेपेक्षाही अधिक अगत्याचे आहे. तापी, गिरणा, पांझरा, कृष्णा, पंचगंगा यांच्या काठी ज्या सदस्यांच्या पेढ्या आहेत, त्यांनी नव्या बाजार आवारात अथवा औद्योगिक वसाहतीत जागा घेतली असेल तर त्यांचीही स्थिती हीच आहे.

म्हणून संघाच्या कार्यकारिणीपुढे मी पुढील विनंती ठेवतो. ज्या घरांत पन्नास वर्षांपूर्वीच्या वह्या आहेत त्यांनी त्या रद्दीत देण्यापूर्वी संघास कळवावे. वही संघास देऊन टाकण्याची आवश्यकता नाही. पूर, अतिवृष्टी, अवर्षण, टोळधाड, आग यांच्या नोंदींच्या पानांची छायाचित्रे घेतली म्हणजे पुरे. येणेदेण्याच्या नावांवर कागद ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे कोणाच्या आजोबांचे कर्ज उघड होण्याची भीती राहणार नाही. (ही भीती अनेक घरांत खरोखरच आहे, असे मला चौकशीत आढळले.) प्रत्येक पानासोबत त्या काळच्या दुकानाची जागा, जोत्याची उंची आणि वही कोणत्या पंचांगाप्रमाणे लिहिली आहे, एवढे तीन तपशील लिहून ठेवावे. मोडी व महाजनी वाचणाऱ्या दोघा-तिघांस संघाने योग्य मानधन द्यावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुन्या कागदांचे काम करीत आले आहे, त्यांच्याकडून याबाबत मार्गदर्शन घेता येईल. जमलेल्या नोंदी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे व पाटबंधारे खात्याकडे लेखी पाठवाव्या आणि त्यांची पोच घ्यावी. ते वापरतील किंवा न वापरतील. पुढे जेव्हा पाण्याची रेषा आखली जाईल तेव्हा आपला कागद त्यांच्या दप्तरात असला पाहिजे.

पेढीवर करावयाचे काम याहून सोपे आहे. वखारीच्या दर्शनी भिंतीवर जोत्यापासून इंचांच्या खुणा रंगवाव्या, पाणी आले की सर्वांत वरच्या ओळीस तिथी व तारीख दोन्ही लिहावी, आणि तीच नोंद वहीत करावी. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या नव्या पिढीने वर्षअखेरीस या नोंदीचे एक पान छापून फळीवर ठेवावे, कारण संगणक बदलला की आतील हिशेब हरवतो, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

कुक्षी व निसरपूर भागातील अकरा पेढ्यांनी आपल्या वह्या दाखविण्याचे मान्य केले आहे. माझ्या घरातील एकोणीस वह्या त्यांत आहेत. पर्युषणानंतर, बाजाराची गर्दी सुरू होण्यापूर्वी, छायाचित्रे घेण्याचे काम आमच्याच पेढीच्या माडीवर सुरू करण्याचा विचार आहे. ज्यांस मोडी वाचता येते त्यांनी संघाच्या कार्यालयात आपले नाव नोंदवावे. राहण्याजेवण्याची व्यवस्था आमच्याकडे होईल.